प्राचार्य साहेब, टोपी काढून पाठवा पोट्ट्यांना

मा. प्राचार्य साहेब, रावे, म्हणजे पोरांना खेड्यात राहून शेती शिकवायचा कार्यक्रम, तो सांभाळणारे सर-मॅडम, अन ज्या ज्या कृषी कॉलेजातून सातव्या सेमिस्टरची पोरं विदर्भातल्या खेड्यात येतात त्या सगळ्या कॉलेजांचे साहेब लोक, सगळ्यांना नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुक्यातला एक कास्तकार. सात एकर वावर आहे, पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन, जे सगळे पेरतात तेच पेरतो, अन फाट्यावर कृषी केंद्र आहे, बावीस वर्षं झाली त्याला. तुमचे कृषीदूत अन कृषीकन्या, म्हणजे रावेची पोरं-पोरी, आमच्या गावात आतापर्यंत पाच-सहा वेळा येऊन गेले, त्यातल्या तीन वेळा मी होस्ट शेतकरी होतो. म्हणजे तुमच्या रजिस्टरात माझी सही आहे, माझ्या वावराचा नकाशा आहे, अन माझ्या बैलजोडीसोबत काढलेला फोटो कोणत्या तरी फाइलीत लागलेला आहे. तेवढ्या हक्कानं लिहून राहिलो. शुद्धलेखन बघू नका, दुकानात बसून मोबाइलवर टाइप करतो आहे, मधात गिऱ्हाईक आलं की वाक्य तुटते अन मग कुठून कुठं जाते.

विषय एकच आहे. पोट्टा गावात उतरला की आम्ही पोट्टा बघत नाही, टोपी बघतो.

बस फाट्यावर थांबते, सात-आठ पोरं उतरतात, पाठीवर सॅक, काखेत गादीची वळकटी, डोक्यावर टोपी अन टोपीवर कॉलेजचं नाव. पानठेल्यावरचा माणूस खर्रा घोटता घोटता ते नाव वाचते अन तिथल्या तिथं निकाल देऊन टाकते. "हे विद्यापीठाचे हायेत, हुशार असतीन." नाही तर, "हे प्रायव्हेटचे, बापानं पैसे भरले असतीन." झालं. पुढचे चार महिने ते पोट्टं उन्हात मरो का पावसात, हा निकाल काही बदलत नाही.

आता तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, पण पानठेल्यावर माहीत नाही, की अकराही जिल्ह्यांतली बहुतेक सगळी कृषी कॉलेजं एकाच विद्यापीठाची आहेत. काही घटक, म्हणजे विद्यापीठाची स्वतःची, काही संलग्न, म्हणजे संस्थांची पण विद्यापीठाला जोडलेली, एवढाच फरक. अभ्यासक्रम तोच, अन शेवटी डिग्रीच्या कागदावर नाव छापून येते तेही एकच, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला. पण गावाच्या डोक्यात दोन जाती पडलेल्या आहेत, विद्यापीठाचे अन प्रायव्हेटचे, अन त्या जातीत सुद्धा पोटजाती आहेत, कोणत्या संस्थेचं, कोणत्या आमदाराचं, बिल्डिंग मोठी आहे का टिनाची.

त्या नावाचा मान का आहे हे मी सांगायची गरज नाही. पापळचा माणूस, १९५२ ते १९६२ दिल्लीत कृषी खातं सांभाळलं, त्याचं नाव आहे ते. विद्यापीठ १९६९ ला झालं, अन ते अकोल्यालाच व्हावं म्हणून आधी लोक रस्त्यावर उतरले, त्यात जीव गेले. आमचे वडील आजही 'पीकेव्ही', म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ, म्हणतात तर घरातल्या माणसाचं नाव घेतल्यासारखं म्हणतात, कारण बीटी यायच्या आधी आमच्या वावरात विद्यापीठाचीच पीकेव्ही हायब्रीड-टू पऱ्हाटी असायची, अन त्या कापसावर आमच्या दोन आत्यांची लग्नं झाली. त्यामुळे टोपीवर ते नाव दिसलं की म्हातारा खाटेवरून उठून बसते. अन बाजूच्या पोरीच्या टोपीवर कोणत्या तरी संस्थेचं नाव असलं की पुन्हा लवंडते. मी म्हाताऱ्याला दोष देत नाही, कारण मी त्याच्यापेक्षा काही वेगळं केलं नाही. तेच सांगायचं आहे.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईन. बीजी-टू कापसाच्या पाकिटाचा भाव सरकार ठरवून देते. २०२४ ला ८६४ रुपये होता, २०२५ ला ९०१ झाला, कोणत्याही कंपनीचं घ्या. आतले बोंडअळीला मारणारे बीटी जीन तेच दोन, अन गुलाबी बोंडअळीनं ते दोन्ही पचवलेले. तरी दर मे महिन्यात एका नंबरच्या पाकिटासाठी लोक सकाळी सहाला दुकानापुढं चपला लावून ठेवतात लाइनीत. वाणावाणात फरक असते, कालावधी, बोंडाचं वजन, वेचायला सोपं का कठीण, मी नाही म्हणत नाही. पण चपलांची लाइन लावण्याएवढा नसते हो. मी समजावून सांगितलं की दुसरं घ्या, तुमच्या हलक्या जमिनीत हे लवकर निघते, तर गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघते जसं काही माझ्याकडे जुना माल पडून आहे अन मी तो खपवून राहिलो. कधी कधी तसं असते पण, खोटं काऊन बोलू. तर हेच गिऱ्हाईक तुमचं पोट्टंही पाकिटावरचं नाव बघून निवडते.

आता ती गोष्ट. दोन वर्षं झाली. त्या खरिपात आमच्या गावात एकाच वेळी दोन ग्रुप आले होते. एक मोठ्या नावाच्या सरकारी कॉलेजच्या पोट्ट्यांचा, ते ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत राहायचे. दुसरा एका प्रायव्हेट कॉलेजच्या पोरींचा, त्या माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत. कोणतंच कॉलेज नावानं सांगत नाही, ज्याचं त्याला समजेन. दोन्ही ग्रुप तेच करत होते. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण बघा, बियाण्याला रायझोबियम लावा, पाच किलो निंबोळीचा अर्क शंभर लिटर पाण्यात, कामगंध सापळे, रांगोळीनं शाळेच्या पटांगणात गावाचा नकाशा. पोट्ट्यांच्या नकाशाला सरपंच आले, पोलीस पाटील आले, कृषी सहायक आले. पोरींच्या नकाशाला शाळेतली लेकरं अन एक गाय आली. गाय नकाशावरून गेली तर वॉर्ड क्रमांक दोन पुसल्या गेला.

अन एक गोष्ट माझ्याच लक्षात उशिरा आली. पोट्ट्यांचा जो म्होरक्या होता, उंचसा, चष्मेवाला, त्याला मी पहिल्या दिवसापासून 'सर' म्हणत होतो. पोरींना 'अगं पोरी'. वय दोघांचं सारखं, एकवीस-बावीस. सर आले की मी खुर्ची द्यायचो अन चहा सांगायचो. पोरी आल्या की म्हणायचो, पोरी, जरा ते बॉक्स आत सरकव बरं.

ऑगस्टात पावसानं वीस-बावीस दिवस ओढ दिली. जमिनीला भेगा पडल्या. मग पोळ्याच्या चार-पाच दिवस आधी एका रात्री असा पाऊस झाला की नाल्याचं पाणी धुऱ्यावरून वावरात घुसलं. सकाळी कडक ऊन निघालं अन दुपारपर्यंत भारी जमिनीतल्या चांगल्या कमरेएवढ्या पऱ्हाट्यांनी माना टाकल्या. पात्या-फुलं लागलेली झाडं, काल हिरवीगार, आज गरम पाणी टाकल्यासारखी. लोक झाडं उपटून उपटून दुकानात आणायला लागले. दुकानात पंधरा माणसं, सगळी ओली, सगळी घाबरलेली. सर तिथंच होते. एकानं झाड पुढं केलं, सरांनी ते धरलं, पानं उलटी-पालटी केली अन म्हणाले मर रोग आहे, बुरशी आहे. कागदावर बुरशीनाशकाचं नाव लिहून दिलं. मी शटरच्या आतून बॉक्स फोडला. त्या दिवशी अकरा कास्तकारांना मिळून एकवीस पाकिटं गेली.

त्या पोरींत एक होती गडचिरोलीकडची, बोलण्यात झाडीचा हेल, कमी बोलणारी. सरांनी बघून टाकलेलं झाड वजनकाट्यापाशी पडलं होतं. ते तिनं उचललं, माझ्या काउंटरवरचा सुतळी कापायचा चाकू घेतला, मूळ पुसलं अन उभं चिरलं. मग मला दाखवलं. "काका, आतून पांढरं हाये. बुरशीची मर असती त आतमंधी तपकिरी रेघा दिसल्या असत्या. हे आकस्मिक मर हाये, लय दिवस ताण पडला अन एकदम पाणी साचलं, मुळाले हवा भेटून नाही राहिली. पहिले वावरातलं पाणी काढा लागते."

मी काय म्हणालो माहीत आहे? "हो हो पोरी, बघू. सरांनी सांगितलं ना." अन पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल फाडलं.

मूळ माझ्या डोळ्यापुढं होतं साहेब. बोटभर अंतरावर. पांढरं होतं. मी बीएस्सी झालेला माणूस आहे, बावीस वर्षं औषधं विकून राहिलो, अन मला ते दिसलं नाही, कारण कोणाच्या हातात आहे हेच मी बघत होतो.

त्या गर्दीत एक कास्तकार होता, दोन एकरवाला. त्याची मागच्या वर्षीची उधारी बाकी होती म्हणून मी त्याला पाकीट दिलं नाही. खरं ते सांगतो. तो हात हलवत परत निघाला तर ही पोरगी अन तिच्या सोबतच्या दोघी त्याच्या मागं गेल्या. फावडे घेऊन धुऱ्यापासून नाल्यापर्यंत चर काढली, तीन पोरी अन तो माणूस, अंधार पडेपर्यंत. आल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता, वरच्या खोलीच्या जिन्यावर चिखलाचे पाय उमटले अन माझी बायको त्यांच्यावर ओरडली.

सात-आठ दिवसांत बरीचशी झाडं उठली. फवारलेल्या अकराही वावरात उठली अन ज्यानं काहीच फवारलं नाही त्याच्याही वावरात उठली. जे मेलं ते सगळीकडे थोडं थोडं मेलं. पण गावात काय झालं, "सरांच्या औषधानं जमलं." पोळ्याला सरांना घरोघरी पुरणपोळीचं आमंत्रण. कॉलेजचं नाव होतं त्याच्यापेक्षा वितभर अजून वर गेलं. अन त्या दोन एकरवाल्याचं काय, तर त्याचं नशीब म्हणे. मला हे गणित ऑक्टोबरात लागलं, त्याच्या वावरावरून फटफटीनं जाताना ती चर दिसली तेव्हा. म्हणजे बघा, उत्तर चुकीचं होतं तरी नाव वाढलं, अन उत्तर बरोबर होतं त्याची कुठं नोंद नाही. पुढच्या वर्षी पुन्हा टोपी बघून निकाल द्यायला गावाला एक पुरावा अजून भेटला. नाव असंच मोठं होत जाते काय, मला तेव्हापासून शंका आहे.

त्या सरांवर माझा राग नाही, हे लिहून ठेवतो. तो पोट्टा चांगला होता. नंतर एका रात्री लाइट गेली होती तेव्हा दुकानाच्या ओट्यावर येऊन बसला अन स्वतःच म्हणाला, "काका, त्या दिवशी मले बी शंका आली होती. पण पंधरा जण माह्याच तोंडाकडे पाहून राहिले होते. माहीत नाही म्हणलं असतं त म्हणले असते विद्यापीठाचा असून याले येत नाही." पोरगी चुकली असती तर कोणाला नवल वाटलं नसतं, म्हणून ती आरामात मूळ चिरून बघू शकली. ह्याला चुकायची परवानगीच नव्हती, म्हणून चुकला. शिकायला आलेल्या पोराला चार महिन्यांत एकदाही 'माहीत नाही' म्हणता आलं नाही तर ते काय शिकून गेलं हो?

ही गोष्ट गावापुरती राहिली असती तर मी पत्र लिहिलं नसतं. त्याच हिवाळ्यात फवारणीची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीचा एरिया मॅनेजर आला, म्हणाला भाऊ, हंगामासाठी दोन पोरं इंटर्न म्हणून सुचवा, चांगलं काम केलं तर पुढं घेऊन टाकू. मी दोघांची नावं दिली, सरांचं अन त्या पोरीचं. पहिला प्रश्न, "कोणत्या कॉलेजचे?" सांगितलं. सरांना नागपूरला ट्रेनिंग, बाइकचं पेट्रोल अन टॅब. पोरीला म्हणे डेमोला ठेवू, छत्री अन पॅम्प्लेट देऊ, बाजाराच्या दिवशी उभी राहीन. मी त्याला मुळाची गोष्ट सांगितली, पूर्ण सांगितली, माझी चूक धरून. तो हसला, वाईट माणूस नव्हता, म्हणाला, "ते ठीक आहे हो भाऊ, पण मला वर शीट पाठवावी लागते. शीटमध्ये कॉलेजचा कॉलम आहे, मुळाचा कॉलम नाही."

पोरीनं छत्री घेतली नाही. सध्या अमरावतीत अभ्यासिकेत बसते, बँकेच्या कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेची तयारी करते. त्या परीक्षेत कॉलेज विचारत नाहीत म्हणे.

अन सरांचं ऐका. ट्रेनिंग झाल्यावर त्याला नाशिककडे द्राक्षाच्या भागात टाकलं. एक दिवस फोन आला, आवाज पडलेला. तिकडचे बागायतदार अन कंपनीतले जुने लोक त्याला म्हणे विचारतात, अकोला म्हणजे कापूसवाले ना, तुम्हाला द्राक्षातलं काय येते? राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे असते तर बोललो असतो. दीड महिना गोडाऊनमध्ये पेट्या मोजायला बसवलं. ज्या नावानं आमच्या फाट्यावर खुर्ची अन चहा भेटत होता, तेच नाव चारशे-पाचशे किलोमीटरवर गेलं तर हलकं झालं. पोट्टा तोच. टोपी तीच. मला त्या वेळी हसू आलं अन मग लाज वाटली.

लाज वाटायचं कारण माझं स्वतःचं आहे. १९९८ ची गोष्ट, मी केमिस्ट्रीची बीएस्सी करून पुण्याला एका फॅक्टरीत ट्रेनी म्हणून मुलाखतीला गेलो होतो. रात्रभर एसटीत बसून, भावाचा शर्ट घालून. साहेबांनी मार्कशीट हातात घेतली, मार्क बघितलेच नाहीत, वरचं नाव वाचलं, "अमरावती विद्यापीठ... हे नागपूरच्या अलीकडे का पलीकडे?" मी म्हणालो अलीकडे. ते म्हणाले बरं, कळवतो. झाली मुलाखत. ते विद्यापीठ १९८३ पासून आहे, आमच्या पाच जिल्ह्यांची पोरं तिथूनच शिकतात, पण त्या टेबलावर ते फक्त नागपूरच्या अलीकडचं काही तरी होतं. पुढं औषधविक्रीच्या परवान्याला शिक्षणाची अट आली तेव्हा हाच कागद कामी आला, अन परवान्यावाल्यांनी अलीकडे-पलीकडे काही विचारलं नाही. तर मला हे आधीच कळायला पाहिजे होतं. पण माणूस काउंटरच्या आत गेला की बाहेर उभं राहिल्याचं विसरते.

अन बाहेर तर मी पुन्हाही उभा राहिलो. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर कास्तकार अन मजूर गेले. टीव्हीवाले आले, चौकश्या झाल्या, अन त्या दिवाळीत 'कृषी केंद्रवाला' ही शिवी झाली होती. माझ्या दुकानातून काय गेलं, मी कोणाला काय समजावून सांगितलं, मास्क दिला का नाही, कोणी विचारलं नाही. पाटीवर कृषी केंद्र लिहिलं आहे ना, मग तू त्यातलाच. माझ्या लेकीला शाळेत विचारलं पोरांनी, तुह्या बापानं किती मारले. तर पाटीवरून माणूस ओळखणं काय असते हे मला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

आता कोणी म्हणेन, भाऊ, नावात काहीच नसते असं म्हणता का? नाही म्हणत. नावाला अर्थ असते. ज्या कॉलेजला स्वतःची शेती आहे, प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप चालू आहे, शिकवणारे पूर्ण पगारावर आहेत, तिथलं पोट्टं सरासरी जास्त पाहून आलेलं असते. अन काही प्रायव्हेट कॉलेजं अशी आहेत की प्रात्यक्षिकाचा प्लॉट म्हणजे पार्किंगच्या मागचे चार वाफे. एक पोट्टा मला विचारत होता, काका, डवरा म्हणजे हाच का? डवरा म्हणजे पिकातलं तण काढायचं, बैलानं ओढायचं रोजचं अवजार, अन हे सातव्या सेमिस्टरला! त्याची काय चूक, त्याला कोणी वावरात नेलंच नाही, फी तेवढी वेळेवर घेतली. घाईत असलेला माणूस नाव बघून ठरवते, मीही औषधाची नवी कंपनी नाव बघूनच ठेवतो, सगळं तपासायला वेळ कोणाजवळ आहे. पण तुमचा हा कार्यक्रम घाईचा नाही ना साहेब. पोरगं चार महिने आमच्या डोळ्यापुढं असते. चार महिन्यांनंतरही आम्ही टोपीच वाचत असू तर मग त्याला गावात ठेवलं कशाला?

अन इथं तुमचाही वाटा आहे. टोपी आम्ही नाही घातली त्यांच्या डोक्यावर, तुम्ही घातली.

पेपरात येते ती बातमी बघा, दर जुलैत येते, 'कृषीकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक'. पहिल्या ओळीत कॉलेजचं लांबलचक नाव, मग संस्थेचे अध्यक्ष, सचिव, मग प्राचार्य, समन्वयक, कार्यक्रम अधिकारी, विषयतज्ज्ञ, यांच्या मार्गदर्शनाखाली. एकदम शेवटी पोरींची नावं, त्यातली दोन चुकीची. फोटोत बॅनर पूर्ण आला पाहिजे म्हणून पोरी खाली बसलेल्या. माझ्या डोळ्यादेखत कॉलेजात शिकवणाऱ्या एका सरांनी निंबोळी अर्काचं प्रात्यक्षिक दोनदा करायला लावलं, कारण पहिल्या वेळी बॅनरवरचं नाव दुमडलं होतं. दुसऱ्या वेळी निंबोळ्या उरल्या नव्हत्या, तर नुसतं पाणी ढवळलं. ते सर शेवटी माझ्या दुकानात आले, भेटीचा शेरा लिहिला, चहा घेतला, अर्ध्या तासात गाडी फिरवली. त्या चार महिन्यांत ते तेवढेच दिसले.

मग येते तो फॉर्म. यजमान शेतकऱ्याचा अभिप्राय, उत्कृष्ट, चांगला, समाधानकारक. पोट्टेच आणतात, पेनही तेच देतात, म्हणतात काका, सगळ्याले उत्कृष्ट करून द्या ना. मी तीन वेळा सगळ्यांना उत्कृष्ट दिलं. दर सकाळी वावरात येणाऱ्यालाही उत्कृष्ट अन दिवसभर खाटेवर मोबाइल बघणाऱ्यालाही उत्कृष्ट. त्या मूळ चिरणाऱ्या पोरीलाही तेच, अन तिच्यासोबत जी पोरगी चार महिन्यांत चारदा घरी जाऊन महिनाभर राहिली तिलाही तेच. मग पुढं तो मॅनेजर कॉलेज विचारणार नाही तर काय विचारणार? माझ्या कागदानं त्याला दुसरं काही सांगितलंच नाही. हे माझं पाप आहे अन तुमचंही, अर्धं अर्धं वाटून घेऊ.

तर माझं म्हणणं असं आहे. मला शिक्षणातलं फार समजत नाही, दुकानदाराच्या अकलेनं सांगतो. एक तर टोपी अन टी-शर्टवर कॉलेजचं नाव नको. पाहिजे तर मोठ्या अक्षरात पोराचं नाव लिहा, म्हातारे लोक वाचतीन तरी. कृषीदूत, कृषीकन्या एवढं बस झालं, डिग्रीवर विद्यापीठ एकच आहे तर टोपीवर दहा कशाला. दुसरं, जमत असेन तर एका गावात दोन-तीन कॉलेजची पोरं मिसळून पाठवा, एका खोलीत राहू द्या. हे कागदावर कठीण आहे, तुम्ही म्हणान परीक्षेचं कसं, मार्काचं कसं, ते तुमचं तुम्ही बघा, तुम्ही शिकलेले आहात. पण त्या दुपारी सर अन ती पोरगी एकाच ग्रुपात असते तर एकानं दुसऱ्याला चाकू दिला असता अन माझी एकवीस पाकिटं कपाटात राहिली असती, हे मी धंदा करणारा माणूस सांगून राहिलो.

अन तो अभिप्रायाचा फॉर्म बदलाच. उत्कृष्टबित्कृष्ट काढून टाका. फक्त दोन ओळी मोकळ्या ठेवा, ह्या पोरानं तुमच्या वावरात काय केलं ते लिहा. ज्या कास्तकाराला लिहिता येत नाही त्याला फोन करा, बोलेन तो, आमच्या लोकांना बोलायला काय पैसे पडतात. अन ते जे लिहिलं त्याची एक कॉपी पोराला द्या, त्याला जिथं दाखवायची तिथं दाखवीन. पुढच्या शीटमध्ये कॉलम नसला तरी पाकिटात कागद तर राहीन. त्या पोरीला मी आता स्वतःच लिहून दिलं आहे, दुकानाच्या लेटरहेडवर, तारीख, वार, चर किती लांब होती ते मोजून. एकशे दहा फूट होती. दोन वर्षं उशीर झाला, पण दिलं. त्या दोन एकरवाल्याचा अंगठा घेतला खाली.

कृषी केंद्रवाल्या भावांनो, तुम्हीही वाचत असान तर सांगतो, पोट्ट्याला 'सर' म्हणायचं तर सगळ्यांना म्हणा, नाही तर कोणालाच नका म्हणू. मी आता सगळ्यांना नावानं हाक मारतो. सुरुवातीला जीभ अडखळते.

येत्या जूनमध्ये पुन्हा पोरं येतीन तेव्हा वरची खोली रिकामी आहे, भाडं घेणार नाही, लाइटचं बिल तेवढं त्यांनी भरावं. पंखा आवाज करते पण चालते. नळाला सकाळी सहा ते सात पाणी. पाहिजे त्या कॉलेजची पाठवा, आधी फोन करायची गरज नाही, फाट्यावर उतरलं की दुकान दिसतेच. जिन्यावर चिखल आणला तर बायको ओरडीन, तेवढं त्यांना आधी सांगून ठेवा.

आपला,
फाट्यावरचा कृषी केंद्रवाला
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ